शिक्षण कर वाचवण्याचे काही उपाय

तुम्हाला मूलबाळ नाही आणि तरी घरपट्टीच्या बिलात 'शिक्षण कर' ही ओळ दर वर्षी छापून येते? अन्यायच आहे हो. तोही जुना, राज्याचा कायदा १९६२ चा. शिवाय इन्कम टॅक्सवर २००४ पासून शिक्षणाचा उपकर, २०१८ पासून आरोग्यासकट चार टक्के. घरात पोर नाही आणि फी मात्र दोन्हीकडून चालू!

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी यावर इलाज काढलाय. गेल्या रविवारी ते बिल घेऊन आले, त्या ओळीभोवती हिरव्या स्केचपेनने गोल केलेला. सोबत अर्ज: 'निरपत्य करदात्यांना शिक्षण करातून सूट मिळणेबाबत'. खाली सह्यांसाठी चार फ्लॅटचे नंबर आधीच टाइप केलेले. तिसरा आमचा. बायको चहा घेऊन बाहेर आली, तिनं कागद वाचला, ट्रे ठेवला आणि आत गेली.

असो. लढा यशस्वी व्हावा म्हणून काही सूचना.

वृक्ष कर आणि अग्निशमन करही भरू नका. घर पेटल्याशिवाय बंब कशाला पोसायचा?

अर्ज कुठे टाइप केला ते कोणाला सांगू नका. काकांनी सांगितलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडचा पोरगा, महापालिकेच्या शाळेतला. काकांनी हातानं 'तात्काळ' लिहिलं होतं, त्यानं न विचारता 'तत्काळ' केलं. आता ही चूक तरी फुकटात दुरुस्त झाली म्हणायची का?

नर्स सुई घेऊन आली की आधी तिची शाळा विचारा. झेडपीची निघाली तर दंड मागे घ्या. मागल्या पावसाळ्यात काकूंना डेंगी झाला तेव्हा हे सुचायला हवं होतं. रात्री शीर सापडेना. तीनदा टोचून झालं, काकू रडकुंडीला आल्या. मग एक मुलगी आली, मनगटाजवळ बोटानं चाचपलं आणि पहिल्याच फटक्यात सुई आत. नंतर काका महिनाभर लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते, "बीडकडची पोर, झेडपीत शिकलेली, पण काय हात!" काका, त्या 'पण'चे पैसे कोणी भरले? तिच्या ऊसतोड करणाऱ्या बापानं? असल्याच ओळींतून आले ते, ज्यांना तुम्ही हिरवा गोल करून आणलात. ती चौथीनंतर कोयता घेऊन फडात गेली असती, तर त्या रात्री काकूंच्या हाताशी तुम्ही बसणार होतात का, बिल घेऊन?

शेवटची सूचना, म्हातारे होऊ नका. नाहीच जमलं, तर तेव्हा हात धरून बँकेची पायरी चढवणारी माणसं सध्या दुसरीत आहेत.

आता पुरे. काका, तुम्ही स्वतः झेडपीच्या शाळेतले, पुढे ईबीसीच्या फीमाफीवर कॉलेज केलेले. कंदिलाची गोष्ट प्रत्येक गणपतीत ऐकवता. त्याच गोष्टीत तुमच्या वर्गातली निम्मी पोरं चौथीनंतर गुरांमागे गेली असंही येतं. त्यांचे बाप सारा भरत नव्हते? जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडलं, तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिकतात वरचे. तुमच्या मास्तरांचा पगार त्याच तिजोरीतून झाला. तुमच्या गावात तेव्हा मूल नसलेलं एकही म्हातारं नव्हतं? कोणी अर्ज केला होता तुमच्या शाळेविरुद्ध?

आणि ती यादी. आम्हाला मूल नाही, हे आमच्या घरातलं आहे. बारा वर्षं दवाखाने केले तेव्हा तुम्ही कुठली सूट मागायला आला नव्हतात. आता बाराशे रुपयांसाठी आमचा फ्लॅट नंबर टाइप करून आणता? लाज वाटली पाहिजे.

अर्ज टीपॉयवर पडलाय, सही न केलेला. न्यायला या. दारातच देईन.