हिमनदी म्हणजे बुलडोझर? जरा बर्फाखाली बघा

"हिमनदी हा बर्फाचा बुलडोझर, खडक खरवडतो, माल पुढे ढकलतो आणि वितळला की टोकाशी ढीग टाकतो, बर्फाखाली काहीच साचत नाही" ही पोस्ट परत फिरतेय. अर्धी बरोबर आहे, म्हणूनच पटते.

ढकलण्याचं म्हणाल तर टोकाशी ढकलते थोडंफार, नाही कोण म्हणतंय. पण बरेच दगड तळाच्या बर्फातच गोठून अडकलेले असतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

"खाली साचत नाही" हे साफ चूक. जमिनीची उष्णता आणि घर्षण यांनी तळाचा बर्फ हळूहळू वितळतो, दगड उघडा पडतो, जमिनीला घासत जातो आणि एका क्षणी ते घर्षण बर्फाच्या ओढीपेक्षा जास्त झालं की तो रुततो, मग त्याला टेकून मागचे अडकतात आणि बर्फ मात्र वरून सरकतच राहतो, त्या रुतलेल्या दगडाचा माथा तासत आणि त्यावर ओरखडे ओढत. शाळेत भू हिमोढ, म्हणजे हिमनदीच्या तळाशी पसरलेला दगडमातीचा थर, पाठ केला होता ना, तो बराचसा असाच बनतो. अंटार्क्टिकात रटफर्ड बर्फप्रवाहाखाली (बर्फप्रवाह म्हणजे हिमचादरीतला वेगाने सरकणारा पट्टा), दोनेक किलोमीटर बर्फाच्या तळाशी, 1997 च्या भूकंपलहरींच्या मोजणीत नसलेला सुमारे 10 मीटर उंचीचा गाळाचा उंचवटा 2004 च्या मोजणीत दिसला. सात वर्षांत! टोकाशी नाही, बर्फ चालू असताना.

"खाली सगळं गोठलेलं, पाणी कुठून येणार?" अहो, वरच्या वजनाने बर्फाचा वितळणबिंदूच शून्याच्या खाली उतरतो. 1986 मध्ये अंटार्क्टिकातल्याच दुसऱ्या एका बर्फप्रवाहाखाली पाण्याने भिजलेल्या मऊ गाळाचा कित्येक मीटर जाड थर असल्याचं प्रसिद्ध झालं, आणि बर्फ त्या चिखलावरूनच सरकतो. शिवाय बर्फाखालच्या बोगद्यांतून पाणी वाहतं तिथे वाळू-गोटे साचून नागमोडी बांध उरतात, तेच एस्कर.

पोस्टमधला शेवटचा मुद्दा तर कमालच, म्हणे चिकणमाती ते धोंडे एकत्र दिसले की तो महापुराचा पुरावा. वाहतं पाणी सहसा गाळ निवडतं, जड आधी टाकतं, हलकं पुढे नेतं, बर्फाला असली निवड जमत नाही. हां, चिखललोटही असाच मिसळ माल टाकतो, हे मान्य, म्हणून नुसत्या मिसळीवरून ठरवायचं नसतं. दगड हातात घ्या, बर्फाने टाकलेल्या मालाच्या खुणा या: एक बाजू घासून सपाट, तिच्यावर समांतर ओरखडे, बहुतेकांचा लांब अक्ष एकाच दिशेला, आणि भोवतालची माती इतकी दाबलेली की कुदळ पण उसळते.