मखमलाबादला किती घ्याल?

आपल्या पायांशीही लोक भाव करू शकतात, हे मला परवाच्या रविवारी कळलं.

मी गाडीत होतो. म्हणजे डोकं क्लचच्या पेडलपाशी, कंबर सीटच्या कडेवर आणि पाय उघड्या दारातून बाहेर, नाशिकमधल्या इंदिरानगरच्या थंडीत. गाडी म्हणजे वडिलांची टाटामोबाइल पिकअप, १९९२ची. मीटरमागचा दिवा गेला होता. दिवा बोराएवढा, पण त्याच्यापर्यंत हात जायला डॅशबोर्डची अख्खी पट्टी उतरवावी लागते. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला. दिसत होते ते स्क्रू काढले. ॲश ट्रे उपसल्यावर त्याच्यामागे दडून बसलेला एक सापडला, तोही काढला. तरी पट्टी ढिम्म. आता उरल्या होत्या क्लिपा. त्या कुठे आहेत हे तुटल्यावरच कळतं.

"ओ भाऊ, मखमलाबादला येता का?"

मी मान वळवली. दारातून फक्त चपला दिसल्या. चपलांत मोजे, आणि अंगठ्यासाठी मोज्याचा तेवढाच भाग आत खोचलेला.

"भाड्याची गाडी नाही ही," मी डॅशबोर्डला सांगितलं.

"म्हणून तर विचारतोय. भाड्याचे फार घेतात."

यावर काय बोलणार? मी स्वयंपाकघरातून न विचारता आणलेलं उलथणं फटीत सरकवलं.

"एकच कपाट आहे. लोखंडी, आरशाचं. मुलीकडे पोचवायचंय. मी समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, म्हणजे आपण घरचेच."

"काका, मी गाडी उघडलीय. दुरुस्ती चाललीय."

"चालू द्या की. कपाट खाली यायलाही वेळ लागेल, तिसऱ्या मजल्यावर आहे."

कट्.

"काय मोडलं?"

"काही नाही."

"आवाज मोडल्याचाच होता."

होताच. तीस-पस्तीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक आधीच पापडासारखं होतं, आणि थंडीत तर ते जास्तच कडक होतं. दुपारी, गाडी दोन तास उन्हात तापल्यावर हे काम करायचं, किंवा घरातला केस वाळवायचा ड्रायर फिरवून पट्टी कोमट करून घ्यायची, एवढं साधं आहे. मला ते माहीतही होतं. पण ड्रायर मागायचा तर उलथण्याचा विषय निघाला असता. निफाडला पारा उतरला की माझे वडील पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे, घडांना थंडी बाधू नये म्हणून. त्यांच्या मुलाला हातभर प्लास्टिक ऊबवता आलं नाही.

"किती घ्याल, बोला ना," चपला म्हणाल्या.

मला राग आला होता. त्यांचा, क्लिपेचा आणि मानेत भरलेल्या उसणीचा. रागाच्या भरात मी म्हटलं, "पाचशे."

हे बोलायला नको होतं. 'नाही' म्हणणारा माणूस गाडीचा मालक असतो; 'पाचशे' म्हणणारा टेम्पोवाला. काकांच्या आवाजातून 'घरचेच' तिथल्या तिथे नाहीसं झालं.

"पाचशे? रामवाडीचा पूल ओलांडला की आलंच की मखमलाबाद. द्वारकेवरून न्यायला कोण सांगतंय तुम्हाला? दोनशे."

"दोनशेचं डिझेलच जाईल."

"जुनी आहे ना, म्हणून. नवी गाडी एवढं पीत नाही."

इथे मला लागलं. ही पिकअप १९८८ साली आली, तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं. पुढे १९९१मध्ये त्याच सांगाड्यावर सिएरा बेतली. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी. त्यातली सिएरा कुठे उभी दिसली की आजही लोक मोबाइल काढतात, हळवे होतात, आणि २०२५मध्ये तिचं नाव नव्या कोऱ्या गाडीला दिलं. धाकटीचा असा थाट, आणि थोरलीला विचारतात, कपाट नेणार का? एखाद्याने जुनी फियाट पुसून ठेवली तर तो शौकीन; मी पिकअप पुसतो तर वॉचमन विचारतो, "साहेब, गिऱ्हाईक येणार आहे का?" हौदा असलेल्या गाडीवर कुणी प्रेम करावं, हे लोकांना पटतच नाही. आणि मलाही किती पटलेलं आहे बघा, कारण पुढचं वाक्य माझंच होतं:

"साडेतीनशे. शेवटचं."

तेवढ्यात दोन कट् एकदम झाले आणि पट्टी हातात आली. ती छातीशी धरून मी सरपटत बाहेर आलो. काका पहिल्यांदाच पूर्ण दिसले. कानटोपी, स्वेटर आणि हातात मीटरची टेप. ते आधीच हौदा मोजून आले होते.

त्यांनी आत डोकावून पाहिलं. वायरींचं जंजाळ, मीटरचं उघडं भोक, सीटवर स्क्रूंची वाटी.

"हिला डॅशबोर्डच नाही की हो."

"हा काय, माझ्या हातात आहे."

"हातात असून काय उपयोग? साडेतीनशे मागता आणि गाडीला तोंड नाही. अडीचशे देतो."

मी 'बरं' म्हणणार होतो. खोटं कशाला सांगू? ओठापर्यंत आलं होतं. पण कोपऱ्यावरून एक छोटा हत्ती वळला, काकांनी हात केला आणि त्याने सांगितलेले सातशे रुपये एका शब्दाने कबूल केले. एका शब्दाने! मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जरा हात लावता का? तुम्हाला सवय असेल."

तीन मजले. आरसा माझ्या बाजूला होता, त्यामुळे प्रत्येक वळणावर मला माझा चेहरा बघावा लागला.

सोमवारी द्वारकेच्या बाजूला पाच दुकानं पालथी घातली. क्लिपा सुट्या मिळत नाहीत, पट्टीबरोबर येतात; आणि पट्टी येत नाही. एका दुकानदाराने मोडकी क्लिप चिमटीत धरून बराच वेळ पाहिली. मला वाटलं, काही आठवतंय. तो म्हणाला, "गाडी काढायची आहे का? भंगारवाला ओळखीचा आहे." मी आतापर्यंत त्या गाडीवर जेवढा खर्च केलाय तो त्याला सांगायची हिंमत झाली नाही. तो बायकोलाही सांगितलेला नाही.

दिवा मात्र लागला. रात्री मीटर छान उजळतं, त्याच्याभोवती पट्टी नाही एवढंच. ती दोन ठिकाणी चिकटपट्टी लावून बसवली होती, पण पाथर्डी फाट्याच्या खड्ड्यात मांडीवर येऊन पडली. सध्या हौद्यात आहे. उलथणंही तिथेच आहे.

काल संध्याकाळी गेटपाशी काका भेटले. कपाट नीट पोचलं म्हणाले. मग गाडीकडे बघून आवाज खाली आणला.

"जोडलं का तिचं तोंड? सोफा राहिलाय."

"किती देता?" मी विचारलं.