पॉझ आहे की विसरला?

आमच्या कॉलेजच्या कलाकारांना मी चेहऱ्यावरून नाही, कानावरून ओळखते. त्यातही उजव्या कानावरून. तीन वर्षं मी स्टेजच्या उजव्या विंगेत वही घेऊन उभी आहे आणि तिथून माणसाचा कानच तेवढा नीट दिसतो. निवेदन करणारा मुलगा दर वाक्याआधी कानाची पाळी ओढतो. फुगडीतली तिसरी मुलगी पहिल्याच फेरीत कानातलं सांभाळायला लागते. आभार मानणाऱ्या सरांच्या कानात केस आहेत आणि यादी लांबली की ते हलतात. समोरून ही मंडळी कशी दिसतात ते मला नंतर फोटोंत कळतं. मी प्रॉम्प्टर आहे, नट विसरला की विंगेतून वाक्य सांगणारी.

हे मी ठरवून झाले नाही. एफवायला असताना कल्चरलचे सर वर्गात आले आणि म्हणाले, "अभ्यास काय, घरीसुद्धा होतो. व्यक्तिमत्त्व विकास घरी होत नाही." वर्ग ढिम्म. मग सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्रॅक्टिसला येणाऱ्यांना हजेरी मिळेल." पंच्याहत्तर टक्क्यांच्या काठावर लोंबकळणारा अख्खा वर्ग त्या क्षणी विकासाला तयार झाला.

मला फुगडीत घातलं, कारण मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. सत्तरीच्या मुलीला फुगडी येतेच, असा सरांचा समज. माझ्या आईचाही तोच. तिच्या मते फुगडी शिकवावी लागत नाही, दात येतात तशी येते. मला दात आले. प्रॅक्टिसच्या पहिल्याच दिवशी तिसऱ्या गिरकीला माझा हात सुटला, हॉल फिरत राहिला, आणि मी मागे मागे जात कोपऱ्यात ठेवलेल्या एका गोल वस्तूवर बसले. ते घुमट होतं. घुमट मातीचं असतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मडकं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं असतं. चवथीच्या आरतीला ते नसेल तर गणपतीला आपण दुसऱ्याच राज्यात आल्यासारखं वाटेल. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. म्हणजे मी वारशावर बसले. घुमटवाल्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. सर मात्र शांत होते. ठिकऱ्या गोळा होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि म्हणाले, "तू वाचतेस बरी. नाटकाला प्रॉम्प्टिंग कर. उभ्याने करायचं असतं ते. कुठे बसायचं नाही."

घरी आईचं तोंड उतरलं. काकांचं मात्र असं फुललं, की मला जणू सरकारी नोकरी लागली. काका म्हणजे आमच्या गावचे प्रॉम्प्टर. गावच्या काल्याला, म्हणजे देवळाच्या उत्सवाला, पालखी झाली की देवळासमोरच्या मांडवात नाटक लागतं, ऐतिहासिक किंवा पौराणिक, आणि ते पहाटेपर्यंत चालतं. राजे, सेनापती, फितूर सरदार हे सगळे दिवसा बागायतीत, पंचायतीत नाहीतर बसवर कामाला असतात. पाठांतर करणार कधी? म्हणून विंगेत काका. लहानपणी मी पहिल्या रांगेत चटईवर बसायचे, हातात खाज्याची पुडी. तिथे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, एकदा काकांचं बारीक, मग राजाचं मोठं. राजाच्या डोक्यात विचार आधी हळू येतात आणि मग तो ते ओरडून सांगतो, असा माझा बरीच वर्षं समज होता.

भाषेचं आमच्याकडे असं आहे. बोलणं कोकणी, भांडण कोकणी. आरती मराठी, लग्नपत्रिका मराठी, पेपर मराठी, आणि नाटक तर मराठीच. कोकणीला गोव्याची राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्यावरून मोठी माणसं अजून तावातावाने बोलतात. आमच्या घरात मात्र राजा मराठी बोलतो आणि विसरला की कोकणी, त्यामुळे दोन्ही भाषांना काम मिळतं.

काकांनी मला त्याच रात्री शिकवणीला बसवलं. आधी इतिहास. "दीनानाथ मंगेशकर कुठले? मंगेशीचे. बळवंत संगीत मंडळी कधी काढली? १९१८. या मातीतच नाटक आहे, बाय." मातीत गाणारा गळा असेल, काका, पण आपल्या घराण्यात कुजबुजच आली, असं मी मनात म्हटलं. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "सांगणं सोपं. कुणीही सांगेल. न सांगणं कठीण. नट थांबला. आता तो पॉझ घेतोय, की विसरला? पॉझमध्ये सांगितलंस तर तो तुला मारील. विसरला आणि नाही सांगितलंस तरी मारील. हे ज्याला ओळखता आलं तो प्रॉम्प्टर."

"कसं ओळखायचं?"

"आमचा राजा विसरला की उजव्या पायाचा अंगठा वर करतो. ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. तुझं तू शोध."

काकांच्या काळी हे ठीक होतं, कारण त्यांच्या नाटकात पॉझ तीन. आमच्या नाटकाचा दिग्दर्शक टीवायचा. सुट्टीत कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आला होता आणि तिथे त्याला मौनाची ताकद समजली होती. एकांकिका त्यानेच लिहिली. बाप आणि मुलगा बस स्टॉपवर उभे आहेत. बस येत नाही. संपलं. (आमच्यातल्या अर्ध्याजणांना हे प्रायोगिक वाटलंच नाही, रोजचंच वाटलं.) बावीस पानांच्या वहीत "शांतता" एकतीस वेळा, "दीर्घ शांतता" नऊ वेळा, आणि सतराव्या पानावर एकदाच, लाल शाईने, "असह्य शांतता". ज्या नाटकात कुणी काही बोलतच नाही त्याला प्रॉम्प्टर कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "शब्दांपेक्षा शांतता विसरायला सोपी." हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

पहिले पंधरा दिवस मी सगळीकडे चुकले. मुलाचं काम करणारा हिरो बापाकडे पाहून थांबला, की मी वाक्य सांगायचे आणि तो खाली मान घालून "पॉझ होता गो" म्हणायचा. पुढच्या वेळी मी गप्प राहायचे, तर तो तसाच उभा, डोळे पांढरे. दिग्दर्शक केस उपटायचा. मग एका संध्याकाळी मला कान दिसला. हिरो पॉझ घेतो तेव्हा त्याचा कान नेहमीसारखाच असतो. विसरतो तेव्हा पाळीपासून सुरुवात होते, आणि तीन आकडे मोजेपर्यंत अख्खा कान रातांब्यासारखा लाल. मी आणखी चार दिवस पडताळून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही. विद्या अशीच असते, काकांनीही राजाचा अंगठा मला पहिल्यांदाच सांगितला होता.

त्यानंतर माझी कीर्ती पसरली. "ती उभी असली की टेन्शन नाही" असं लोक म्हणायला लागले. ट्रॅडिशनल डेला मुलींच्या कुणबी साड्यांच्या खांद्यावरच्या गाठी मीच मारल्या, कारण जी मुलगी दिसत नाही तिला वेळ असतो असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. त्या दिवसाच्या एकाही फोटोत मी नाही. गाठी आहेत.

प्रॅक्टिस लांबायची आणि वाळपईहून आमच्या गावची शेवटची बस आठाच्या आत. कॅन्टीनमधली पातळभाजी अर्धी टाकून धावत सुटायचं. साखळीला बस बदलायची. कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" म्हणून रेटतोय, आणि मी दांडीला लोंबकळत बापाची आणि मुलाची वाक्यं पुटपुटतेय, मध्ये पॉझ घेऊन. एकदा शेजारच्या मावशींनी पिशवी उचलली आणि दुसऱ्या दांडीला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपणहून सीट दिली आणि कपाळाला लावायला अंगारा.

स्पर्धेचा दिवस आला. विंगेत मी, तोंडात बॅटरी, हातात वही, पायांना डास. सोळा पानं अशी गेली की काका असते तर रडले असते. सतरावं पान उघडलं. असह्य शांतता. आणि दिग्दर्शकाने, कुणालाही न सांगता आदल्या रात्री सुचलेलं काहीतरी म्हणून, तिथे लाल लाइट टाकला.

स्टेज लाल. बाप लाल. बस स्टॉपचा बाक लाल. हिरोचे दोन्ही कान, नाक, हनुवटी, सगळं रातांबा.

वहीत ही शांतता दहा आकड्यांची. मी मोजलं. दहा झाले. अकरा. हिरो हलला नाही. सांगू? पण असह्य आहे ना, दहाला कशी असह्य होईल? पंधरा. त्याने मान हळूच वळवून विंगेकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, काय काम करतोय हा आज! मी अंगठा दाखवला. वीस. त्याचे ओठ थरथरले. प्रेक्षकांत कुणीतरी खोकायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबवली. माझ्याही घशाशी आलं, खरं सांगते. पंचवीसला मागच्या रांगेतून एक टाळी पडली, मग दुसरी, मग सगळा हॉल. त्या आवाजाने हिरो दचकला, भानावर आला आणि त्याने एकदम विसाव्या पानावरचं वाक्य म्हटलं. बापही मुरलेला, त्याने एकविसाव्यावरचं म्हटलं. बस आली नाही. पडदा.

नाटकाला उत्तेजनार्थ मिळालं. अभिनयाचं पहिलं हिरोला. परीक्षक म्हणाले की त्या मौनात एका पिढीचा आक्रोश होता. हिरो करंडक घेऊन विंगेत आला, मला कोपऱ्यात ओढलं.

"सांगितलं का नाहीस गो?"

"मला वाटलं पॉझ."

"मी तुझ्याकडे बघत होतो!"

"मला वाटलं अभिनय."

त्याने करंडकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं. कुणाला सांगू नको." मी तेव्हा बरं म्हटलं होतं. आता तो पास होऊन गेला, आणि नाव मी घेतलेलं नाही.

सरांनी गॅदरिंगला भाषणात सांगितलं, की या मुलांचा व्यक्तिमत्त्व विकास आपण डोळ्यांनी पाहिला. माझा विकास कुठे झाला हे मी बरेच दिवस शोधत होते. घरात आई "अगो, ते हे आण गो..." म्हणून थांबली, की मी "विळी" असं कुजबुजते आणि ती दचकते. वर्गात शेजारणीला तोंडी परीक्षेत उत्तर सांगितलं, इतकं स्पष्ट की सरांनी मार्क मला दिले. आणि माझा स्वतःचा सेमिनार होता तेव्हा तिसऱ्या मिनिटाला गाडी अडली. सवयीने मी उजवीकडे पाहिलं. उजवीकडे खिडकी होती आणि खिडकीत कावळा. वर्ग गप्प, मी गप्प, कावळा गप्प. कुणी टाळी वाजवली नाही. मी म्हटलं, "विसरले," आणि कागद काढून वाचलं. पाच सेकंदांत मोकळी. एवढं सोपं असेल तर हिरो पंचवीस आकडे का उभा राहिला, हे तिथे उभ्या उभ्याच माझ्या मनात येऊन गेलं.

यंदा काल्याच्या पंधरा दिवस आधी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक अक्षर नको. गावात बैठक बसली. कॉलेजात स्पर्धेला उभी राहिलेली पुतणी आहे म्हटल्यावर वही माझ्याकडे आली, काकांची, चाळीस वर्षांची, कडेला तेलाचे डाग आणि प्रत्येक पॉझपाशी पेन्सिलीची उभी रेघ. काका गॉगल लावून पहिल्या रांगेत बसले, खाज्याची पुडी घेऊन.

रात्री दीडला राजा दरबारात आला. राजा म्हणजे आमच्या बसचा कंडक्टर. पायात चढाव, त्यामुळे अंगठा दिसत नव्हता. कानांवर टोप. फितुराकडे बोट करून तो गरजला, "या सिंहासनाची शपथ..." आणि थांबला. मी वहीत पाहिलं. पेन्सिलीची रेघ होती. पण ती या ओळीची की खालच्या, ते तेलात विरघळलं होतं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार...

पाचाला राजाने तलवार म्यान केली, माझ्याकडे वळला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सांग गो बाय!"

मी सांगितलं. पहिल्या रांगेतून काकांनीही तेच सांगितलं, तोंडात खाजं असताना. राजाने आधी माझ्याकडे कान केला, मग काकांकडे, आणि मान हलवली.

"मात्शें मोट्यान." म्हणजे, जरा मोठ्याने.