पाचशे पंचाहत्तर आवर्तनं

माझी चूक एवढीच, की त्या संध्याकाळी मी क्लासला दहा मिनिटं आधी पोचलो. तबल्याचे सर वार्षिक कार्यक्रमाची यादी करत बसले होते. मला बघताच त्यांचा चेहरा उजळला. तीन वर्षं मी इथे पेटी शिकतोय, पण माझ्यामुळे कुणाचा चेहरा उजळल्याचं मला आठवत नाही. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

"काका, यंदा तबल्याच्या मुलांना लेहरा धराल का? थोडीच मुलं आहेत."

वार्षिक कार्यक्रमात आजवर माझ्याकडे खुर्च्या मांडायचं खातं होतं. बावन्नाव्या वर्षी माणसाला रंगमंचावर कुणी बोलावत नाही, आणि बोलावलंच तर तो 'थोडीच म्हणजे किती' असं विचारत नाही. मी हो म्हणून बसलो. थोडीच म्हणजे २३ होती.

ज्यांच्या घरात कुणी तबला शिकत नाही अशा सुखी लोकांसाठी सांगतो. तबल्याचा सोलो चालू असतो तेव्हा बाजूला पेटीवर एक इवलीशी धून अखंड वाजत असते. तिला लेहरा म्हणतात, कुणी नगमाही म्हणतात. तीनतालाची असली तर मोजून १६ मात्रांची, म्हणजे ठोक्यांची. संपली की पुन्हा पहिल्यापासून. तबलजीने कायदा, रेला, तुकडे असले बोलांचे प्रकार करत वाटेल तिथे भटकून यावं, परतल्यावर घर जागेवर सापडलं पाहिजे. ते घर म्हणजे सम, धुनेची पहिली मात्रा, आणि त्याचा रखवालदार म्हणजे लेहरा धरणारा. पूर्वी ही रखवाली बहुतेक सारंगीकडे असे. रखवालदाराला ऐकायला कुणी तिकीट काढून येत नाही. तो डुलकी काढतो तेव्हाच लोकांना दिसतो.

"पण सर, फोनवर लेहऱ्याची ॲप असतात ना?" घरी जाऊन शुद्धीवर आल्यावर मी विचारून पाहिलं. ताल निवडा, राग निवडा, लय निवडा. ते बिचारं रात्रभर वाजत राहतं, पाणीसुद्धा मागत नाही.

"ॲपला कान नसतात हो काका. मूल अडखळलं तरी ते आपलं पुढेच जातं." मग आपल्याच वाक्यातला धोका सरांच्या लक्षात आला. "अर्थात तुम्हीही पुढेच जायचं. मूल अडखळलं म्हणून थांबायचं नाही."

म्हणजे मला कान असावेत, पण ते मी वापरू नयेत, अशी एकंदर अपेक्षा होती.

महिनाभर मी घरी सराव केला. राग चंद्रकंस. लेहऱ्यासाठी तबलेवाल्यांचा हा फार लाडका राग: सा, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद. पहिल्या आठवड्यात बायको म्हणाली, "छान आहे हो धून." दुसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "ह्याच्या पुढे काय आहे?" मी म्हटलं, "पुढे काही नाही. एवढंच." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून तिच्या कपड्यांच्या घड्या बरोबर समेवर संपायला लागल्या. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि आणून देण्याची माझी हिंमत नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी एक हिशेब केला, जो करायला नको होता. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर १६ मात्रांचं एक आवर्तन १२ सेकंदांत संपतं. मिनिटाला पाच. एका मुलाला पाच मिनिटं, म्हणजे २५ आवर्तनं. मुलं २३. एकूण ५७५. मी दिवा मालवला, पण झोप काही आली नाही.

सुरुवात गायनाच्या मुलांनी केली. त्यांनी भूप गायला. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, पण लहान मुलं मनाने मोठी. ती कुणालाच वर्ज्य करत नाहीत. पहिल्या चार जणांनी गायलेली बंदिश एकच होती आणि पाचव्याचीही तीच निघाली, तेव्हा सभागृहातून एक बारीकसा उसासा ऐकू आला. मला मात्र पाच मुलांत संपूर्ण बंदिश पाच वेळा म्हणजे चैन वाटली.

मग पडदा सारून मला पेटीसकट पुढे सरकवण्यात आलं. कार्यक्रमपत्रिकेत २३ नावं होती आणि सगळ्यांत खाली, छपाईच्या दोषासारखी दिसणारी एक ओळ: लेहरासाथ.

पहिलं विघ्न दिव्यांनी आणलं. तबला काळी एकच्या सुरात नीट लावून ठेवला होता. रंगमंचावरच्या दिव्यांची ऊब लागली, पुडीचं चामडं सुकून ताणलं आणि तबल्याचा सूर चढला. पेटीला त्याचं काही सोयरसुतक नसतं. तिचे सूर जिथे बसवलेत तिथेच बसणार. मग सर हातोडी घेऊन आले आणि तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर ठोकाठोक सुरू झाली. हे पुढे दर तीन-चार मुलांमागे झालं. तेवढ्या वेळात निवेदिका नादब्रह्म या विषयावर बोलायची. एकूण सहा वेळा नादब्रह्म झालं. सहाव्या वेळी पहिल्या रांगेतली एक आजी तिच्या आधीच पुढचं वाक्य म्हणाली.

वाजवायला बसलेला पहिला मुलगा अकरा वर्षांचा, अत्यंत गंभीर. त्याने कायदा बरा वाजवला आणि शेवटी तिहाई घेतली. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवायचा आणि शेवटचा 'धा' नेमका समेवर आणून आपटायचा. त्याने तीनदा वाजवला, शेवटचा धा आपटला, दोन्ही हात हवेत उचलले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मी अजून पंधराव्या मात्रेवर होतो. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. त्यांच्या दृष्टीने मुलगा वेळेवर पोचला होता आणि पेटीवाले काका उशिरा. प्रेक्षकांसाठी सम टाळ्या पडतात तिथे असते. मी एकट्याने ती दोन मात्रा पुढे आहे म्हणून काय उपयोग?

दुसऱ्या मुलीच्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्याच्या वेळी मी पाघळलो. पोरगं दोन मात्रा आधी पोचणार हे दिसत होतं, म्हणून मी त्या दोन मात्रा गिळल्या आणि त्याच्याबरोबर समेवर उतरलो. त्याच्या वडिलांनी "वा!" म्हणून दाद दिली. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात विंगेत हाताने ताल देत उभ्या असलेल्या सरांकडे लक्ष गेलं.

पुढच्या हातोडीच्या वेळी ते माझ्या कानाशी वाकले. "काका, तुम्ही भिंत आहात. भिंत सरकत नसते."

चौथ्या मुलापासून मी भिंत झालो. एक जण एक मात्रा उशिरा येऊन धडकला. एक जण खालीला, म्हणजे नवव्या मात्रेवर, येऊन आदळला आणि तिथेच विजयी मुद्रेने बसून राहिला. मी हललो नाही. त्याच्या आईने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी कुणालाही सांगणार नाही.

आणि लय! मुलांच्या हातात लय उतारावरच्या सायकलसारखी असते. ८० ला सुरू झालेला मुलगा दोन मिनिटांत १२० वर, आणि त्याच्या पायाला ब्रेक पोचत नाही. नियमाप्रमाणे मी धरून ठेवायचं. पण समोरचा धावत सुटल्यावर भिंतीने एकटीनेच ८० वर उभं राहायचं म्हणजे तो सोलो राहत नाही, दोन वेगळे कार्यक्रम होतात. तिथे मी सरांची नजर चुकवून थोडा थोडा सरकत होतो.

शरीराचं वेगळंच चाललं होतं. दहाव्या मुलापर्यंत उजवा पाय माझा आहे असं मला वाटेनासं झालं. मग नाक खाजायला लागलं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. लेहरा धरणाऱ्याला तिसरा हात नसतो हे ज्याने कुणी ठरवलं त्याचं नाक कधी खाजलं नसावं. चार आवर्तनं सोसल्यावर मला शोध लागला, की पेटीच्या पोटात दोन-तीन मात्रांपुरता वारा साठलेला असतो. भाता दाबून भरायचा, चटकन नाक खाजवायचं आणि आवाज मरायच्या आत परत यायचं. तीन वर्षांच्या शिक्षणात मी स्वतःहून शोधलेली ही एकमेव गोष्ट.

ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती टिकवली. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, सापडत नाहीत, हे आक्षेप. आम्हा पेटीवाल्यांना हा इतिहास फार बोचतो. पण खरं सांगतो, पंधराव्या मुलाच्या सुमाराला कुणीतरी येऊन मलाही बंदी घातली असती तर मी त्याचे पाय धरले असते. पाय हलत असते तर.

सतराव्या मुलाच्या वेळी काहीतरी वेगळं वाजतंय असं मला जाणवलं. छान वाजत होतं, पण ओळखीचं वाटेना. दोन आवर्तनांनंतर कळलं, की तो मालकंस होता. या दोन रागांत फरक निषादाचा: चंद्रकंसाला शुद्ध, मालकंसाला कोमल. आणि काळी एकच्या पट्टीत हे दोन निषाद शेजारशेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांवर नांदतात. थकलेलं बोट एक घर डावीकडे राहायला गेलं होतं. सभागृहात कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. विंगेत सरांनी डोळे मिटून घेतले होते. ते तल्लीनतेने की अन्य कशाने, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

शेवटची होती सात वर्षांची एक चिमुरडी. डग्ग्याच्या मागे तिचं फक्त कपाळ दिसत होतं. तिने ठेका धरला: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. मी लेहरा धरला. आता कायदा येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. ती कायदा विसरली होती. पण घाबरली नाही. साधा ठेका वाजवत राहिली. आणि २३ मुलांत पहिल्यांदाच दर आवर्तनाला कुणीतरी बरोबर समेवर येत होतं. मला इतकं सुख झालं की पायसुद्धा आठवला नाही.

दोन मिनिटं झाली. तीन झाली. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली: ती तिहाईही विसरली होती. आता संपवायचं कसं? तबला थांबल्याशिवाय लेहऱ्याने थांबायचं नसतं, आणि लेहरा चालू आहे तोवर थांबायचं नाही असं तिला शिकवलेलं. आम्ही दोघं समोरासमोरच्या दोन भिंती झालो होतो. सर विंगेत दिसेनात. बहुधा हातोडी शोधायला गेले असावेत. निवेदिका कागदात डोकं खुपसून सातव्या नादब्रह्माची तयारी करत होती. पाच मिनिटं झाली. चिमुरडी डग्ग्यावरून माझ्याकडे बघत होती, मी पेटीवरून तिच्याकडे.

शेवटी मीच कायदा मोडला. लय जराशी ओढली, समेचा षड्ज भाता दाबून मोठ्याने वाजवला आणि हात उचलला. तिचा धा त्याच्यावर येऊन बसला, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. क्षणभर शांतता. मग माइकमधून तिचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू आला:

"काका, संपलं?"

त्या दिवशीच्या सर्वांत मोठ्या टाळ्या तिला पडल्या. मी टाळ्या वाजवू शकलो नाही, कारण मला दोघं जण धरून उठवत होते.

रात्री पालकांनी पाठवलेली चित्रफीत पाहिली. मग दुसरी. एकूण २३ पाहिल्या. प्रत्येकीत मध्यभागी कुणाचं तरी मूल होतं आणि डाव्या कडेला माझं कोपर. चांगलं लयीत हलत होतं.

दिवा मालवून मी आडवा झालो. खोलीत अंधार, शांतता. थोड्या वेळाने बायकोचा आवाज आला.

"अहो, बोटं."

माझी बोटं उशीवर चंद्रकंस वाजवत होती. मी मुठी मिटल्या. मिनिटभराने त्या पुन्हा उघडल्या असाव्यात.

"अहो," ती कूस बदलत म्हणाली, "तिहाई घ्या आणि झोपा."