'सेड' दिसलं की भूतकाळ? इतकं सोपं नाही ते

इंग्रजीतल्या डायरेक्ट-इनडायरेक्टबद्दल, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं सांगायचं याबद्दल, दहावी-बारावीच्या पालकांच्या ग्रुपांवरून एक मेसेज सध्या कोल्हापूरभर फिरतोय. म्हणे 'सेड' दिसलं की आतलं क्रियापद डोळे झाकून भूतकाळात न्या, 'सेड टू'चं 'टोल्ड' करा, मध्ये 'दॅट' घाला, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करा. वर हेही, की मराठीत इनडायरेक्ट नसतंच, तेव्हा मराठीतून विचार करू नका.

सगळ्यात मोठा घोळ काळाचा आहे. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ओलांडले की धोका पातळी पार झाली. समजा, दुपारी अधिकारी म्हणाले, 'द रिव्हर इज अबव्ह द डेंजर मार्क.' संध्याकाळी पाणी तसंच असताना तुम्ही चिखलीतल्या पाहुण्यांना कळवलंत, 'ही सेड द रिव्हर इज अबव्ह द डेंजर मार्क', तर ते शुद्ध इंग्रजी आहे. 'वॉज'ही चालेल, पण पाणी उतरलं की काय, अशी शंका त्यातून येऊ शकते. पूर ओसरल्यावर आठवड्यानं सांगताना मात्र 'वॉज'च हवं. 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' हा अपवाद म्हणून पाठ करून घेतात. खरं तर तोही याच न्यायानं चालतो, गोष्ट अजून खरी आहे एवढंच. शिवाय 'कुड', 'माइट', 'हॅड गॉन' यांना मागं ढकलायला जागाच नसते. परीक्षेत मागचा-पुढचा संदर्भ नसतो, म्हणून तिथं एक पायरी मागं जाणं सुरक्षित, हे मान्य. मेसेजात तेवढंच लिहिलं असतं तर भांडण नव्हतं.

'टोल्ड' विधानाला ठीक. प्रश्न असेल तर 'आस्क्ड', आणि तिथं 'दॅट' अजिबात नको. 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज रंकाळा' हे वाक्य याच नियमातून जन्माला येतं. हवं ते 'ही आस्क्ड मी व्हेअर रंकाळा वॉज'. विधानातही 'दॅट' गाळता येतो, वरच्या पुराच्या वाक्यात कुठाय तो?

'टुमॉरो'चं म्हणाल तर निरोप त्याच दिवशी पोचवायचा असेल तर 'टुमॉरो'च राहतं.

आता मराठीचं. 'तो म्हणाला, की मी उद्या येतो.' इथला 'मी' म्हणजे तोच, सांगणारा नव्हे. पोरं हीच मांडणी उचलून 'ही सेड दॅट आय विल कम' लिहितात आणि इंग्रजीत येणारा माणूसच बदलतो! पण म्हणून मराठीत इनडायरेक्ट नाही? कुठलाही पेपर उघडा: 'पाणी वाढत असल्याचे त्यांनी सांगितले.' रोज छापून येतं की. इंग्रजीला हात घालण्याआधी पोराकडून 'आपण उद्या येणार असल्याचं त्यानं सांगितलं' एवढं वळवून घ्या. 'आय'चा 'ही' का होतो, ते पुढं वेगळं शिकवावं लागत नाही.