वृद्धाश्रमातला स्पीकर कोणाच्या फोनवर चालतो?

वाढदिवस, पुण्यतिथी किंवा पितृपक्ष जवळ आला की वृद्धाश्रमाला काय द्यावे, हा विषय पुण्यातल्या बऱ्याच घरांत निघतो. पूर्वी एक वेळचे जेवण, चादरी किंवा व्हीलचेअर यांवर तो संपत असे. अलीकडे त्यात वायरलेस स्पीकरची भर पडली आहे. भेट चांगली आहे, याबद्दल दुमत नाही. माझी आत्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका केअर होममध्ये राहते. तिथे आणि तिच्या ओळखीने आणखी काही ठिकाणी असे स्पीकर मी पाहिले आहेत, काही लावूनही दिले आहेत, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. लावून देणारा माणूस आपला फोन खिशात घालून घरी गेल्यानंतरही ज्यावर गाणे लागते, तोच स्पीकर बसवला असे म्हणावे. बाकीचे महिन्याभरात टीव्हीशेजारी शोभेला बसतात.

नेहमीचा प्रकार असा असतो. रविवारी दात्याचा भाचा किंवा नातू येतो, खोके उघडतो, कंपनीचे अॅप स्वतःच्या फोनवर घेतो, गाण्यांच्या सेवेचे स्वतःचे खाते त्याला जोडतो आणि थोड्याच वेळात हॉलमध्ये गाणे सुरू होते. टाळ्या वाजतात, फोटो निघतो. सोमवारी तोच मुलगा हिंजवडीला जाताना गाडीत आपली गाणी लावतो आणि इकडे हॉलमधला अभंग कडव्याच्या मध्येच बंद पडतो, कारण अशा बहुतेक सेवांच्या वैयक्तिक खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजते. तिथल्या मावशींना हे कोणी सांगितलेले नसते. त्या प्लग काढून पुन्हा लावतात, स्पीकरवरचा दिवा रंग बदलतो, गाणे मात्र येत नाही.

ब्लूटूथचा मार्ग त्याहून सोपा वाटतो, पण ज्याचा फोन जोडलेला आहे त्याला साधारण दहा मीटरच्या आत राहावे लागते आणि मावशींचे काम एका जागी बसून होणारे नाही. त्या कोणाला आंघोळीला घेऊन गेल्या की मधल्या दोन भिंतींतच आवाज तुटायला लागतो. आत्याच्या इथे एकदा भजन रंगात आलेले असताना मावशींनी घेतलेला गॅस एजन्सीचा फोन थेट स्पीकरवर लागला आणि सिलिंडर परवा येणार, हे सगळ्यांनी ऐकले. आजी-आजोबांची त्या दिवशी चांगली करमणूक झाली, हा भाग वेगळा.

म्हणून स्पीकर वायफायवर चालणारा घ्यावा, असे मी सुचवतो. मात्र त्यातली खरी मेख केंद्राच्या इंटरनेटमध्ये असते. पुष्कळ ठिकाणी पाहुण्यांच्या वायफायला जोडले की आधी एक पान उघडते, त्यावर मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी भरायचा आणि मग इंटरनेट सुरू होते. स्पीकरला पडदाच नाही, तो ओटीपी कुठे भरणार? काही राउटरमध्ये एका उपकरणाला दुसरे दिसू नये अशी व्यवस्था केलेली असते. अनोळखी माणसे ज्या वायफायवर येतात तिथे ती योग्यच आहे, पण मग फोनला स्पीकर सापडत नाही आणि आपण तो बिघडलेला समजून दुकानात परत न्यायला निघतो. त्यामुळे खोके उघडण्यापूर्वी व्यवस्थापकांना भेटावे आणि ज्याने केंद्राचे इंटरनेट बसवले आहे त्याच्याकडून अशा उपकरणांसाठी राउटरवर वेगळे नेटवर्क करून घ्यावे, जे पानाविना, फक्त पासवर्डवर चालेल. वायफायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असावे. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त मिळतो, पण तो भिंतींपुढे लवकर मंदावतो, आणि जुन्या बंगल्यांत सुरू झालेल्या केंद्रांच्या भिंती चांगल्या जाड असतात. गाण्याला एवढा वेग लागतही नाही. राउटर इन्व्हर्टरवर घेता आला तर उत्तम, कारण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे पुणेकरांना नवीन नाही. वीज आल्यावर राउटर उठेपर्यंत काही स्पीकर जोडणी शोधून गप्प बसतात आणि खटका पुन्हा बंद-चालू केल्याशिवाय बोलत नाहीत.

खाते केंद्राच्या ईमेलवर उघडावे आणि अॅप कार्यालयाच्या फोनवर असावे, जो फोन कोणाबरोबर घरी जात नाही. बहुतेक अॅपमध्ये ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आवाजात गाणी आपोआप सुरू करण्याची सोय असते, ती लावून ठेवली की मावशींना फोन हातात घ्यावाच लागत नाही. आवाज कमी-जास्त करणे आणि बंद करणे ही कामे स्पीकरच्या अंगावरच्या बटणांनी व्हायला हवीत. गुळगुळीत काचेवर बोट फिरवायचा स्पीकर दिसायला देखणा असला तरी थरथरत्या हातांना तो दाद देत नाही. तोंडी हुकमावर चालणाऱ्या स्पीकरचे कौतुक बरेच होते. ज्यांची दृष्टी गेली आहे पण बोलणे स्पष्ट आहे, अशा एखाद्या आजींना तो खरोखर वरदान ठरतो, पण कवळी काढून ठेवलेल्या आजोबांचे मराठी त्याला कितपत कळते, हे विकत घेण्यापूर्वी एकदा पाहावे. शिवाय हॉलमध्ये त्याचा मायक्रोफोन बंद ठेवावा. तिथे घरच्या, पैशांच्या, दुखण्याच्या गोष्टी चालतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीसाठी मी यातले काहीही सुचवणार नाही. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या सारेगामा कारवाँसारखा, हजारो गाणी आधीच भरलेला आणि फिरवायची खुंटी असलेला रेडिओवजा संच तिथे कधीही सरस. ज्यांनी उमेदीची वर्षे ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचे पुणे केंद्र लावण्यात घालवली, त्यांच्या बोटांना खुंटी शिकवावी लागत नाही.

जागेचा विचार फारच कमी जण करतात. स्पीकर हमखास कपाटावर किंवा टीव्हीच्या वर, कोपऱ्यात जातो, कारण प्लग तिथे असतो. कोपऱ्यात खर्जाचा आवाज घुमतो, फरशी आणि मोकळ्या भिंती त्यात भर घालतात. वयोमानाने कान जातात ते आधी वरच्या पट्टीच्या आवाजांना. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि गाणे ऐकू येते पण शब्द लागत नाहीत. मग कोणीतरी आवाज वाढवतो. थकलेल्या कानांना हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा झाला की सोसवत नाही, अशी त्यांची कात्री असते, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या आजी कानावर हात ठेवतात आणि मागचे आजोबा अजून वाढवा म्हणतात. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, तेव्हा एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन लहान स्पीकर खुर्च्यांजवळ, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवणे अधिक शहाणपणाचे. अॅपमध्ये खर्ज थोडा उतरवून वरची पट्टी थोडी चढवली तर शब्द उठून येतात. आत्याच्या हॉलमध्ये हे केल्यावर नेहमी पेंगणारे एक आजोबा ‘हे कोण गातंय?’ असे विचारून खुर्चीत सरळ झाले. श्रवणयंत्रातून मात्र संगीत बऱ्याचदा कर्कश लागते, कारण ती यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकू यावे म्हणून जुळवलेली असतात. तिथे स्पीकरचा दोष नसतो.

आणि लावायचे काय? वय झाले की माणसाला अभंग आणि स्तोत्रेच आवडतात, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात अधिक ठळक राहतात, असे मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. १९५५-५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून दर आठवड्याला गीतरामायण होत असे, तेव्हा रेडिओपुढे बसलेली दहा-बारा वर्षांची मुले आज ऐंशी ओलांडून या खुर्च्यांत आहेत. पण तीच मुले पुढे कॉलेजात गेली, १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीवर सिनेमाची गाणी ऐकत मोठी झाली, प्रेमात पडली. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ लावणी मागतात तेव्हा बाकीच्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. कॅम्पात आयुष्य गेलेल्या बाईंना इंग्रजी वाद्यवृंद हवा असतो, पिंपरीच्या आजींना सिंधी गाणी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नातवाचे नाव आठवत नाही, पण तरुणपणीच्या गाण्याची पुढची ओळ कित्येकदा न चुकता येते. म्हणून प्रत्येकाच्या घरच्यांना विचारून यादी करावी. या कामाला रविवारचा भाचा स्पीकर जोडण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते बंद करण्याबद्दल. हॉलमध्ये बसलेला माणूस उठून जाऊ शकतो, असे गृहीत धरून आपण गाणी लावतो. तिथल्या निम्म्या लोकांना दुसऱ्याच्या आधाराशिवाय उठता येत नाही. त्यांच्यासाठी नको असलेले गाणे ही शिक्षा होते. संध्याकाळी स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांची बेचैनी वाढते आणि सततच्या आवाजाने ती आणखी चिघळते. दिवसभर पार्श्वसंगीत चालू ठेवणाऱ्या केंद्रापेक्षा, सकाळी तासभर आणि चहानंतर तासभर लावून, ‘आज नको’ म्हणणाऱ्याला त्याच्या खोलीत नेऊन बसवणारे केंद्र मला अधिक माणुसकीचे वाटते. भेट दिली आहे म्हणून ती वाजतीच असावी, हा हट्ट दात्याने धरू नये.

परवान्याची धास्ती काही व्यवस्थापकांना असते. हॉटेल किंवा तत्सम व्यावसायिक आस्थापना नसलेल्या निवासी जागेत, रहिवाशांच्या सामाईक खोलीत त्यांची सोय म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. भरभक्कम शुल्क घेणाऱ्या केंद्रांनी ती आपल्याला लागू होते का, हे आपल्या वकिलाला विचारावे. आणि गाण्यांच्या सेवांच्या स्वतःच्या अटी असतात, त्यांत वैयक्तिक वापराचे बंधन असते, त्या वेगळ्या वाचाव्यात.

राहता राहिला पैशांचा भाग. स्पीकर एकदाच घ्यायचा असतो, गाण्यांच्या सेवेचे शुल्क मात्र दर वर्षी येते, आणि ते थकले की दोन गाण्यांच्या मध्ये जाहिराती सुरू होतात. यंदा कोणी स्पीकर देणार असाल, तर थोडा स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशांतून पुढच्या दोन-तीन वर्षांचे शुल्क केंद्राच्या नावे भरून टाका.