आधी खुर्ची, मग शिवाजी पार्क

साठीला टेकलेल्या आणि आयुष्यात कधी व्यायाम न केलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, "रोज सकाळी चालायला जात जा." तो बिचारा नवे बूट आणतो, सोमवारी शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारतो, बुधवारी गुडघा धरून बसतो. पुढच्या रविवारी बूट माळ्यावर. मग घरचे त्याला आळशी ठरवतात, आणि याचाच मला राग येतो. पार्काची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची आहे. चार फेऱ्या म्हणजे पावणेपाच किलोमीटर. मांड्यांत तेवढी ताकद नसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एवढं चालायला लावलं, तर चूक सल्ला देणाऱ्याची.

वयाबरोबर स्नायू झिजतात आणि साठीनंतर जास्त वेगाने झिजतात. मांडीच्या पुढचा स्नायू दुबळा झाला की पायरी उतरताना, खालच्या खुर्चीतून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. नुसत्या चालण्याने ही ताकद फारशी वाढत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की सुरुवात खुर्चीपासून करावी.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, बिनचाकांची घ्या. बैठक जमिनीपासून १७-१८ इंच, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची हलकी खुर्ची लादीवर सरकते, ती नको. पुढच्या कडेला येऊन बसा. दोन पावलांत खांद्यांएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या अंगठ्यांच्या रेषेत येईपर्यंत पुढे वाका आणि श्वास सोडत उठा. बसताना मनात एक-दोन-तीन मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम फुकट गेला, कारण ताकद वाढवण्यात खाली येण्याचाही मोठा वाटा असतो. श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो. गुडघे आत वळत असतील तर तिथेच थांबून पावलं नीट करा. हात न टेकता उठता येत नसेल तर बैठकीवर जाड चादर घडी करून ठेवा. तीन-चार इंच उंची वाढली की बहुतेकांना जमतं. दर पंधरवड्याला एक घडी कमी करा.

पाच वेळा उठबस, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच वेळा. दिवसाआड. पहिल्या आठवड्यात एवढंच, कितीही हुरूप आला तरी. पुढे दर आठवड्याला एक-दोन वाढवा. याला जोडून ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचला आणि चहा उकळेपर्यंत एका पायावर उभे राहा, बोटं ओट्यावरच ठेवून. तोल जाऊन पडणं हेच म्हातारपणी खुब्याचं हाड मोडण्याचं नेहमीचं कारण असतं, म्हणून हे दिसायला किरकोळ वाटलं तरी सोडू नका.

"आता या वयात काय ताकद येणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून आठ आठवडे वजन लावून पायांचा व्यायाम करून घेतला होता. १९९० साली तो अभ्यास छापून आला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली होती.

दुखण्याबद्दल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत उतरतं. पण सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, गुडघा सुजला किंवा दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला, तर आकडा निम्मा करा. बंद करू नका.

चालणं दोन-तीन आठवड्यांनी जोडा, तेही जेवणानंतर दहा मिनिटं. आपली शतपावली. जेवणानंतर वाढणारी साखर त्याने आटोक्यात राहते. वेग असा हवा की बोलता यावं, गाता येऊ नये. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र विकताना पुढे आला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, आणि जोडीला दोन दिवस ताकदीचे व्यायाम. तिथवर पोचायला सहा महिने लागले तरी चालतील.

मुंबईत आणखी एक सोय आहे, जिने. १९५३ साली लंडनमध्ये दुमजली बसवर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी आढळला होता. पण जिन्याची चाल उलटी धरा: चढताना पायी, उतरताना लिफ्ट. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. एक मजला, हात कठड्यावर, पूर्ण पाऊल पायरीवर. चाळीतला जिना उभा आणि अरुंद असेल तर तो सोडा, फलाटाचा पूल बरा, गर्दी नसेल त्या वेळी.

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, त्यावर चालू नका. इमारतीखालचं पार्किंग किंवा लांब कॉरिडॉर चालेल. हिवाळ्यात पहाटे धुरकं खाली बसलेलं असतं, ऊन आल्यावर निघा. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नका, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम फुटून चक्कर, यातलं काहीही झालं तर "जरा बसतो, जाईल" म्हणू नका. तिथेच बसा आणि १०८ला फोन करायला सांगा.